स्पष्टतेची खोली : शरीरात उतरणाऱ्या दुर्बिणींच्या इतिहासातील एक तडजोड

शरीराच्या पोकळ्यांत उतरवून आतले दृश्य दाखवणाऱ्या एंडोस्कोप या उपकरणाचा इतिहास सहसा दोन सूत्रांनी सांगितला जातो : आत प्रकाश कसा पोचवला गेला आणि ताठ नळी लवचीक कशी झाली. ही दोन्ही सूत्रे खरी आहेत. पण त्यांच्याखालून तिसरे एक सूत्र दीडशे वर्षे चालत आले आहे आणि नळीची जाडी सेंटिमीटरवरून मिलिमीटरवर व तेथून मिलिमीटरच्या अंशावर आली तेव्हाच ते उघड दिसू लागले. ते सूत्र स्पष्टतेच्या खोलीचे, म्हणजे छायाचित्रकार ज्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात त्याचे आहे. कोणतेही भिंग काटेकोरपणे पाहिले तर एकाच अंतरावरील वस्तूची रेखीव प्रतिमा पाडते. त्या अंतराच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येक बिंदू पसरून ठिपका होतो, आणि हा पसारा ज्या पट्ट्यात पाहणाऱ्याला जाणवत नाही त्या पट्ट्याची लांबी म्हणजे स्पष्टतेची खोली.

ही खोली वाढवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे प्रकाश आत येण्याचे द्वार लहान करणे. अधू दृष्टीचा माणूस दूरची पाटी वाचताना डोळे बारीक करतो तेव्हा तो हाच उपाय योजतो, कारण अरुंद द्वारातून येणारे किरण एकमेकांशी लहान कोन करतात आणि केंद्रस्थानापासून थोडे दूर गेले तरी फारसे पसरत नाहीत. मात्र द्वार लहान झाले की दोन गोष्टी हातच्या जातात. एक तर प्रकाश घटतो; दुसरे म्हणजे विवर्तन, म्हणजे अरुंद फटीतून जाताना प्रकाशलहरींचे पसरणे, वाढते आणि बारीक तपशील एकमेकांत मिसळतात. प्रकाश, बारकावा आणि खोली या तिघांपैकी कोणाला किती द्यायचे याचा हिशेब प्रत्येक दृक्‌यंत्राच्या रचनाकाराला करावा लागतो, पण शरीराच्या आत तो अधिक कठोर होतो; कारण तेथे नळीची जाडी शरीराने ठरवलेली असते, आतडे आकुंचन पावत असते, हृदय धडधडत असते आणि पाहायचा पृष्ठभाग ठरावीक अंतरावर स्थिर राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

फ्रँकफुर्टचे वैद्य फिलिप बोत्सिनी यांनी १८०६ च्या सुमारास तयार केलेल्या ‘लिश्टलाइटर’, म्हणजे प्रकाशवाहक, या उपकरणापुढे हा प्रश्नच नव्हता, कारण त्यात प्रतिमा पाडणारे भिंग नव्हते. मेणबत्ती, तिच्यामागे अंतर्गोल आरसा आणि पुढे पोकळ नळी अशा त्या रचनेत पाहणाऱ्याचा डोळाच थेट आत पाहत असे. १८५३ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आपले उपकरण मांडणारे आंत्वान जाँ देसोर्मो यांनी मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा वापरला आणि एका भिंगाने त्याचा प्रकाश एकवटला. तरीही दिसत असे ते लांब नळीच्या टोकाशी असलेले इवलेसे वर्तुळच. या काळात अडचण होती ती अंधाराची आणि अरुंद दृष्टिक्षेत्राची.

खरा आरंभ माक्सिमिलियान नीत्से यांच्यापासून होतो. मूत्राशय पाहण्यासाठी त्यांनी घडवलेले उपकरण १८७७ मध्ये ड्रेस्डेन येथे दाखवले गेले आणि व्हिएन्नाचे उपकरणकार योझेफ लाइटर यांच्या साहाय्याने सुधारलेले रूप १८७९ मध्ये तेथील वैद्यांच्या सभेपुढे मांडण्यात आले. विजेने तापून प्रकाशणारी प्लॅटिनमची तार त्यांनी नळीच्या टोकाशीच नेली आणि ती शरीर भाजू नये म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवले. या गोष्टीचा उल्लेख सर्वत्र होतो. तिच्याइतकीच मोलाची गोष्ट भिंगांच्या रचनेत होती. टोकाचे लहान भिंग विस्तृत दृश्याची चिमुकली प्रतिमा पाडत असे, मधले भिंग ती प्रतिमा उचलून नळीच्या दुसऱ्या टोकाकडे पोचवत असे आणि डोळ्याजवळचे भिंग ती मोठी करून दाखवत असे. नंतरच्या सर्व ताठ दुर्बिणींचा हाच सांगाडा राहिला.

या रचनेत स्पष्टतेची खोली फुकट मिळाली. भिंगेच इतकी लहान होती आणि नळीतून पलीकडे पोचणारी किरणांची मोळी इतकी बारीक होती की मूत्राशयाची जवळची व दूरची भिंत एकाच वेळी पुरेशी स्पष्ट दिसे आणि केंद्र जुळवण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नसे. त्याचे मोल अंधाराने चुकवले जात होते. एडिसनचा विजेचा दिवा लहान होऊन नळीच्या टोकावर बसल्यानंतरही, अनेक भिंगांच्या काच-हवा सीमांवर प्रकाश परावर्तित होऊन वाया जातच राहिला. म्यूनिकचे रूडोल्फ शिंडलर आणि उपकरणकार गेऑर्ग वोल्फ यांनी १९३२ मध्ये आणलेल्या अर्धलवचीक जठरदर्शकात तर वाकणाऱ्या भागात आखूड नाभीय अंतराच्या भिंगांची मालिकाच बसवलेली होती. नळी काही अंशांनी वाकवली तरी प्रतिमा टिकून राहत असे, पण पलीकडे पोचणारा उजेड मंदच होता.

या हिशेबाचा कायदा लिहिणारा आणि तो सर्वांत कुशलतेने वापरणारा माणूस एकच होता, आणि या इतिहासात याहून लक्षणीय योगायोग शोधून सापडणार नाही. लेस्टर शहराच्या गरीब वस्तीत वाढलेले हॅरल्ड हॉपकिन्स लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये प्रकाशशास्त्र शिकवत होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांच्यासह त्यांनी २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच अंकात नेदरलँड्सच्या आब्राहाम व्हान हेल यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाचे वेष्टण दिले तर प्रकाश एका तंतूतून शेजारच्या तंतूत गळत नाही, हे दाखवले. लगेच पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, हॉपकिन्स यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केंद्रापासून ढळलेल्या दृक्‌यंत्राचा गणिती अभ्यास मांडला. प्रतिमा ढळली की ती नुसती ‘अस्पष्ट’ होते असे म्हणण्याऐवजी तिच्यातील ठळक आणि बारीक तपशील वेगवेगळ्या प्रमाणात कसे क्षीण होतात, हे त्या लेखाने दाखवले : ठळक आकार बराच काळ टिकतात, सूक्ष्म रेषा आधी लोपतात, आणि काही ठिकाणी तर काळ्याच्या जागी पांढरे व पांढऱ्याच्या जागी काळे उमटते. स्पष्टतेची खोली ही कोणता तपशील पाहायचा आहे यावर अवलंबून असते, हे यातून नेमक्या भाषेत सांगितले गेले.

१९५७ मध्ये लिव्हरपूलचे मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स गाऊ यांनी हॉपकिन्स यांच्याकडे व्यवहारातली अडचण नेली. त्यांना मूत्राशयाची छायाचित्रे हवी होती आणि नीत्सेच्या परंपरेतील दुर्बिणीतून फिल्मवर उमटण्याइतका प्रकाश येत नव्हता. हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये सुचवलेला उपाय दिसायला उफराटा आहे. हवेने भरलेल्या नळीत मधूनमधून काचेची पातळ भिंगे बसवण्याऐवजी त्यांनी नळी काचेच्या लांब दंडांनी भरली आणि मधल्या हवेच्या लहान फटींनाच भिंगांचे काम दिले. नळीतून नेता येणारा प्रकाश माध्यमाच्या अपवर्तनांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सुमारे १.५ अपवर्तनांकाची काच वापरल्यानेच तो दुपटीहून अधिक झाला. शिवाय लांब दंड नळीत स्वतःच्या आधाराने बसत असल्याने भिंगे जागेवर धरणाऱ्या आतल्या कड्यांची गरज उरली नाही आणि नळीची जवळजवळ पूर्ण रुंदी प्रकाशाला मोकळी झाली. जर्मनीतील टुटलिंगेनचे उपकरणकार कार्ल स्टॉर्ट्स यांनी ही रचना उचलून १९६७ मध्ये बाजारात आणली. पोटात लहान छिद्रे पाडून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा पाया याच दंडभिंगांनी घातला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतात प्रथमच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले, तेही याच परंपरेतील काम होते. दंडभिंगांचा मोठा गुण असा की त्यांनी प्रकाश वाढवला तो मुख्यतः वाहतुकीतली गळती थांबवून. टोकाच्या भिंगाचे द्वार रुंद करून खोली गमावण्याची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

त्याच इम्पीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांचे सहकारी डब्ल्यू. टी. वेलफोर्ड काम करीत होते. १९६० मध्ये त्यांनी कंकणाकृती द्वार वापरून केंद्राची खोली कशी वाढवता येते, यावर लेख लिहिला. भिंगाचा मधला भाग झाकून केवळ कडेच्या कड्यातून प्रकाश जाऊ दिला, तर सर्व किरण अक्षाशी जवळजवळ सारखाच कोन करतात; त्यामुळे पुढेमागे सरकताना त्यांच्यातील कलाभेद, म्हणजे लहरींच्या चढउतारांतील अंतर, फार हळू बदलतो आणि मधला तेजस्वी ठिपका लांबवर बारीक राहतो. मोबदल्यात त्याच्याभोवतीची तेजोवलये ठळक होतात. कंकणाकृती द्वाराचे विवर्तन ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८४१ मध्येच मोजले होते. याच सुमारास, १९५४ मध्ये, अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीत काम करणारे जॉन मॅक्‌लाउड यांनी ‘ॲक्सिकॉन’ या नव्या दृक्‌घटकाचे वर्णन केले : शंकूच्या आकाराचा असा काचेचा तुकडा, जो बिंदूची प्रतिमा एका ठिकाणी पाडण्याऐवजी अक्षावरील लांब रेषेत पाडतो. शरीरात उतरणाऱ्या दुर्बिणींशी या दोन्ही कल्पनांचा तेव्हा काहीही संबंध नव्हता, आणि पुढील चाळीस वर्षे तो कोणी जोडलाही नाही.

न जोडण्याचे कारण असे की गरजच भासली नाही. मिशिगन विद्यापीठातील बेसिल हिर्शोविट्झ, विल्बर पीटर्स आणि लॉरेन्स कर्टिस यांनी १९५६ च्या अखेरीस काचेचे वेष्टण असलेले तंतू बनवले आणि १९५७ मध्ये पूर्ण लवचीक जठरदर्शक वापरात आणला. या उपकरणात प्रत्येक तंतू प्रतिमेचा एकच ठिपका वाहून नेतो, म्हणून तंतूच्या जाडीहून लहान असा कोणताही धूसरपणा दिसूच शकत नाही. प्रतिमेच्या या भरडपणानेच स्पष्टतेची खोली राखली. १९८३ मध्ये अमेरिकेतील वेल्च ॲलिन कंपनीने नळीच्या टोकावर इलेक्ट्रॉनिक संवेदक बसवला तेव्हाही संवेदकाची चित्रघरे, म्हणजे पिक्सेल, मोठी असल्याने हीच स्थिती राहिली : काही मिलिमीटरपासून सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंतचे सगळे दृश्य बिनतक्रार स्पष्ट. चित्रघरे लहान होत गेली, पडदे अधिक रेखीव झाले, आणि पूर्वी लपलेला धूसरपणा वर आला.

जपानी उपकरणकारांनी पुढे विशालन करणारे एंडोस्कोप आणले, ज्यांत टोकाचे भिंग सरकवून आतड्याच्या अस्तरावरील ग्रंथींची तोंडे आणि केशवाहिन्या पाहता येतात. तेथे स्पष्टतेची खोली दोन-तीन मिलिमीटरवर येते आणि वैद्याचा हात किंवा रुग्णाचा श्वास एवढासा हलला तरी चित्र विरते. म्हणून टोकावर मऊ टोपी चढवून तिची कड अस्तराला टेकवण्याची आणि त्या आधारे अंतर राखण्याची पद्धत रूढ झाली. प्रकाशशास्त्राने नाकारलेली गोष्ट रबराच्या कड्याने मिळवण्याचा हा उपाय साधा आहे आणि अत्यंत शहाणपणाचाही आहे. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या गिळण्याच्या कॅप्सूल-कॅमेऱ्याने वेगळा मार्ग धरला : त्यात केंद्र जुळवण्याची सोयच नाही, आणि लहान आतड्याची भिंत पारदर्शक घुमटाला आपोआप लगटून राहते, या शरीररचनेवरच भिस्त ठेवलेली आहे.

प्रश्नाने उग्र रूप धारण केले ते ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, संक्षेपाने ओसीटी, या तंत्राबरोबर. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेम्स फुजिमोतो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या तंत्रात ऊतीत शिरलेला अवरक्त प्रकाश कोणत्या खोलीवरून परतला, हे त्याच उगमापासून वेगळ्या काढलेल्या संदर्भकिरणाशी त्याचे व्यतिकरण, म्हणजे लहरींचे एकमेकींवर पडणे, घडवून ठरवले जाते आणि पृष्ठभागाखालच्या एक-दोन मिलिमीटर थराचा छेद न कापता दिसतो. १९९७ मध्ये गिलेर्मो टिअर्नी आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या तंतूशलाकेने जिवंत सशाच्या अन्ननलिकेचे व श्वासनलिकेचे असे छेद दाखवले. शलाका म्हणजे येथे एकच काचतंतू, त्याच्या टोकावर कणभर भिंग आणि प्रकाश बाजूला वळवणारा सूक्ष्म आरसा. ही शलाका आवरणात गरगर फिरत पुढेमागे सरकते आणि सभोवारची भिंत टिपते.

ओसीटीत उभा आणि आडवा बारकावा वेगवेगळ्या गोष्टींवर अवलंबून असतो. खोलीच्या दिशेने किती बारीक थर वेगळे दिसतील हे प्रकाशाच्या तरंगलांबींचा पट्टा किती रुंद आहे यावर ठरते आणि त्याला भिंगाची गरज नसते. आडव्या दिशेने मात्र शलाकेने केलेला प्रकाशाचा ठिपका किती लहान आहे यावरच सारे येते. येथे वर्गाचा नियम आडवा येतो. १.३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणाने हवेत ३० मायक्रोमीटर व्यासाचा ठिपका केला, तर तो सुमारे १.१ मिलिमीटर लांबीपर्यंत १.४ पटीच्या आत राहतो. व्यास १० मायक्रोमीटर केला की ही लांबी सुमारे ०.१२ मिलिमीटरवर येते आणि ५ मायक्रोमीटर केला की जेमतेम ०.०३ मिलिमीटर उरते. ठिपका सहापट लहान केला तर खोली छत्तीसपट घटते. म्हणूनच हृदयाच्या धमन्यांसाठी वापरात आलेल्या ओसीटी शलाकांनी २० ते ४० मायक्रोमीटरचा आडवा बारकावा पत्करला, जो धमनीतील साक्याचे थर दाखवतो पण साधारण दहा मायक्रोमीटरची एकटी पेशी दाखवत नाही. टेबलावरच्या यंत्रात भिंग पुढेमागे सरकवून निरनिराळ्या खोलींवर केंद्र नेता येते. मिलिमीटरभर नळीत, ती वेगाने फिरत असताना, त्यासाठी जागा नसते आणि वेळही नसतो.

या कोंडीत पन्नास वर्षांपूर्वीचे कागद उपयोगी पडले. १९८७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील जिम डर्निन यांनी न पसरणाऱ्या किरणांचे, म्हणजे बेसेल किरणांचे, गणित आणि प्रयोग प्रसिद्ध केले होते, आणि असा किरण घडवण्याचे सर्वांत सोपे साधन त्याच शहरात जन्मलेला मॅक्‌लाउडचा शंकू होता. २००२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील झिहुआ डिंग, झाँगपिंग चेन आणि सहकाऱ्यांनी ॲक्सिकॉन बसवलेल्या ओसीटीने किमान सहा मिलिमीटर खोलीपर्यंत १० मायक्रोमीटर बारकावा टिकतो, हे दाखवले. साध्या भिंगाच्या ०.१२ मिलिमीटरच्या तुलनेत हा आकडा थक्क करणारा आहे. परंतु बेसेल किरणाची प्रत्येक वलयरेषा मधल्या ठिपक्याइतकीच ऊर्जा घेऊन जाते, म्हणून वलये वाढतात तसा मधला ठिपका मंदावतो, आणि ऊतीतून परतणारा प्रकाश आधीच इतका क्षीण असतो की ही गळती परवडत नाही. वेलफोर्डच्या कंकणाने अधिक संयमी सौदा केला. टिअर्नी यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेल्या सूक्ष्म-ओसीटीत किरणाचा मधला भाग बाजूला काढून त्याचाच संदर्भकिरण केला आणि कडेच्या कंकणाने ऊती उजळली. मृत व्यक्तींच्या हृदयधमन्यांतील एकेक पेशी त्यात एक-दोन मायक्रोमीटरच्या बारकाव्याने दिसली.

शलाका इंजेक्शनच्या सुईत मावण्याइतकी बारीक करायची असेल तर कंकण वा शंकू बसवणेही अवघड जाते. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील डिर्क लोरेन्झर, डेव्हिड सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केंद्रापासून कडेकडे अपवर्तनांक बदलत जाणाऱ्या तंतूचेच लहान तुकडे जोडून किरणाच्या कलेत हवा तसा फरक पाडला आणि शलाकेची जाडी न वाढवता खोली वाढवली. मिळालेली वाढ माफक होती, पण प्रकाश फारसा वाया गेला नाही, आणि शरीरात प्रत्यक्ष वापरायच्या साधनासाठी हाच कस अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. इलिनॉय विद्यापीठातील गटाने २००७ मध्ये गणकयंत्राने धूसर भाग पुन्हा रेखीव करण्याची रीत दाखवली होती. ती डौलदार असली तरी मापन चालू असताना ऊती तरंगलांबीच्या अंशाइतकीही हलू नये अशी तिची अट आहे आणि केंद्राबाहेर मुळातच न परतलेला प्रकाश ती निर्माण करू शकत नाही. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल येथील संशोधकांनी नॅनोमीटर मापाच्या स्तंभांनी बनलेले सपाट भिंग शलाकेवर बसवले आणि निरनिराळ्या तरंगलांबी निरनिराळ्या खोलींवर एकवटू दिल्या. रंगांचे असे फाटणे हा भिंगकारांनी शतकानुशतके झाडून काढलेला दोष होता. येथे त्याच दोषाला खोली वाढवण्याच्या कामी लावले गेले. दोन वर्षांनी ॲडलेड आणि स्टुटगार्ट येथील संशोधकांनी काचतंतूच्या टोकावर थेट छापलेल्या भिंगाने, आवरणासह अर्ध्या मिलिमीटरहून बारीक शलाका घडवली.

नेहमीच्या एंडोस्कोपातही २०२० मध्ये ऑलिंपस कंपनीने वाढीव खोलीची रचना आणली : प्रकाश लोलकाने दुभागून एक प्रतिमा जवळच्या आणि दुसरी दूरच्या केंद्राची घ्यायची व दोन्ही जोडून एकच चित्र दाखवायचे. हॉपकिन्स यांच्या १९५५ च्या समीकरणांना यांपैकी कोणत्याही युक्तीने धक्का लावलेला नाही. प्रत्येकीने प्रकाश, बारकावा, वेळ किंवा गणनशक्ती यांपैकी काही ना काही देऊनच खोली मिळवली आहे. कार्यशाळांत आणि रुग्णालयांत घडलेल्या या इतिहासात बोत्सिनी, नीत्से आणि हिर्शोविट्झ यांना मिळालेले मानाचे स्थान योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीत मॅक्‌लाउड आणि वेलफोर्ड यांचीही नावे लिहिली गेली पाहिजेत.